ब्रिटिश संसदेची याचिका-सेवा: गांजाच्या कायद्यावर उत्तर मिळतं, कारण मिळतं का?

गांजावरची बंदी का ठेवली आहे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये निवडून आलेल्या माणसाला विचारायचा असेल तर सगळ्यांत सोपी वाट संसदेच्या याचिका-संकेतस्थळावरून जाते. पैसे लागत नाहीत, पाठीशी संघटना लागत नाही, कुणाची ओळखही लागत नाही. सध्याच्या रूपातली ही सेवा जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. हाउस ऑफ कॉमन्स आणि सरकार मिळून ती चालवतात आणि तिच्यावर याचिका समितीची देखरेख असते. या समितीत सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरचे मिळून ११ खासदार असतात. १०,००० सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देतं. १ लाख झाल्या की समिती चर्चा घेण्याचा विचार करते.

हे परीक्षण सेवेच्या एकाच उपयोगापुरतं आहे: गांजाच्या कायद्याबाबत सरकारला आपल्या भूमिकेचा खुलासा करायला लावणं. आमचं मत आधीच सांगतो. उत्तर मिळवून देण्यात ही सेवा उत्तम आहे, कारण वदवून घेण्यात मात्र ती कच्ची आहे. याचिकेतला दोन ओळींचा मजकूर आणि सह्या झाल्यानंतरचा पाठपुरावा, या दोन गोष्टींनी ती उणीव बरीच भरून निघते. दुर्दैवाने बहुतेक याचिका नेमक्या तिथेच पडतात.

गांजाच्या बाबतीत सेवेची खरी कसोटी पहिल्याच वर्षी लागली. गांजाचं उत्पादन, विक्री आणि सेवन कायदेशीर करा, अशी याचिका २०१५ च्या उन्हाळ्यात आली आणि सहा महिन्यांच्या मुदतीत तिच्यावर २ लाख ३६ हजारांहून अधिक सह्या झाल्या. कायदेशीर केल्यास वर्षाला ९० कोटी पौंड कर मिळेल, पोलिसांवरचे ४० कोटी पौंड वाचतील आणि १०,००० हून अधिक रोजगार तयार होतील, असे आकडे मजकुरात होते. ऑगस्टमध्ये सरकारचं उत्तर आलं. गांजा आरोग्याला घातक असल्याचा भक्कम शास्त्रीय पुरावा आहे आणि तो कायदेशीर करण्याचा सरकारचा विचार नाही, असा त्याचा गाभा होता. १२ ऑक्टोबर २०१५ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या मुख्य सभागृहाबाहेरच्या चर्चा-दालनात, चर्चा झाली. न्यूपोर्ट वेस्टचे मजूर पक्षाचे खासदार पॉल फ्लिन यांनी ती मांडली. कायदा जिथे होता तिथेच राहिला.

सेवेने दिलेला शब्द पाळला होता. उत्तर आलं, चर्चाही झाली. तरीही सह्या करणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही, आणि त्याचं मुख्य कारण मागणीच्या मांडणीत होतं. उत्पादन, विक्री आणि सेवन अशा तीन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात मागितल्या की सरकारला एकाच नकारात तिन्ही उडवता येतात. सेवन करणाऱ्यावर खटला का भरायचा, या प्रश्नाचं समर्थन विक्री परवान्यांच्या प्रश्नापेक्षा फार वेगळं आणि सरकारला जास्त अवघड आहे. तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारलाच गेला नाही. शिवाय अंदाजी आकडे मजकुरात घातले की उत्तराचा सगळा रोख त्या आकड्यांच्या अनिश्चिततेकडे वळवता येतो.

म्हणून मजकूर लिहिण्याआधी कायद्यात पकड कुठे घेता येते ते पाहावं. ब्रिटनमध्ये गांजा १९७१ च्या अमली पदार्थ गैरवापर कायद्याखाली ‘ब’ वर्गात येतो (‘अ’ सर्वांत कडक, ‘क’ सर्वांत सौम्य). जवळ बाळगल्यास कमाल ५ वर्षं कैद, पुरवठा किंवा लागवड केल्यास कमाल १४ वर्षं. हा वर्ग बदलायला नवा कायदा करावा लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम २ खाली आदेश निघतो आणि त्याला दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. मात्र त्याआधी गृहमंत्र्यांना अमली पदार्थ गैरवापर सल्लागार परिषदेशी विचारविनिमय करावाच लागतो. जानेवारी २००४ मध्ये गांजा ‘ब’ मधून ‘क’ मध्ये उतरला होता. २००८ मध्ये परिषदेने तो ‘क’ मध्येच ठेवण्याची शिफारस केली. तत्कालीन गृहमंत्री जॅकी स्मिथ यांनी ती बाजूला ठेवली आणि जानेवारी २००९ पासून गांजा पुन्हा ‘ब’ मध्ये गेला.

इतकं माहीत असेल तर मागणी टोकदार करता येते. ‘गांजा कायदेशीर करा’ असं लिहिण्याऐवजी ‘गांजाच्या वर्गीकरणाचा नव्याने आढावा घेण्यास सल्लागार परिषदेला सांगा आणि परिषदेचा सल्ला मानला नाही तर त्याची कारणं संसदेत मांडा’ असं लिहा. याला ‘आमचा तसा विचार नाही’ एवढं उत्तर पुरत नाही. आढावा मागणार की नाही, आणि नसेल तर का, हे सांगावं लागतं. दुसरी चांगली मांडणी म्हणजे फक्त वैयक्तिक वापरापुरत्या साठ्याबद्दल विचारणं. तिसरी औषधी गांजाबद्दल, पण ती स्वतंत्र याचिकेतच हवी.

औषधी गांजा वेगळा ठेवण्यामागे खात्यांचं कारण आहे. कैद, पोलीस, वर्गीकरण असे शब्द आले की याचिका गृह खात्याकडे जाते. औषध, डॉक्टर, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) असे शब्द आले की ती आरोग्य खात्याकडे जाते. दोन्ही मिसळलं तर एकच खातं उत्तर लिहितं आणि ज्या भागावर त्याला बोलायचं नाही तो भाग दुसऱ्या खात्याचा म्हणून सोडून देतं. औषधी गांजाचा दाखला इथे फार मोलाचा आहे. २०१८ मध्ये अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी त्रस्त असलेल्या दोन मुलांच्या प्रकरणांवरून देशभर आवाज उठला. गृहमंत्री साजिद जाविद यांनी प्रमुख वैद्यकीय अधिकारी आणि सल्लागार परिषद या दोघांकडून आढावा मागवला, आणि १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टरांना गांजापासून बनवलेली औषधं लिहून देण्याची मुभा मिळाली. मागणी अरुंद होती, कुठला नियम बदलायचा ते स्पष्ट होतं आणि नकार द्यायला सरकारकडे सोयीचं कारण नव्हतं. मुभा मिळाल्यावरही एनएचएसमधून ही औषधं फार थोड्या रुग्णांना मिळतात आणि बहुतेकांना खासगी दवाखान्यांत जावं लागतं. आरोग्य खात्याला विचारण्याजोगा आजचा प्रश्न हाच आहे.

आता अर्ज भरण्याकडे. शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे मागणीचं क्रियापद तिथेच यायला हवं. ‘गांजाबाबत अन्याय थांबवा’ असं शीर्षक सपशेल वाया जातं. त्यात सरकारने नक्की काय करायचं ते नाही, आणि मागणी स्पष्ट नाही म्हणून याचिका नाकारली जाते. अर्ज भरला की पाच समर्थकांना दुवा पाठवून त्यांची सही घ्यावी लागते, मगच कर्मचारी ती नियमांत बसते का ते तपासतात. हे पाच जण आधी ठरवून ठेवा आणि त्यांना ईमेलच्या ‘स्पॅम’ कप्प्यातही पाहायला सांगा. याचिका बरेचदा इथेच दिवसेंदिवस अडकते. एकदा प्रसिद्ध झाल्यावर मजकूर बदलता येत नाही. चुकलेला आकडा किंवा चुकीचं वर्ष सहा महिने तसंच राहतं आणि उत्तर लिहिणारा अधिकारी आधी तेच पकडतो.

नाकारल्या जाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे तीच मागणी करणारी दुसरी याचिका चालू असणं. गांजावर एखादी याचिका बहुधा चालू असतेच, म्हणून आधी शोध घ्या. नाकारलेल्या याचिकांची यादी कारणांसह उघडी ठेवलेली असते. ही या सेवेची मोठी जमेची बाजू आहे. इतरांनी कुठे चूक केली ते पाहूनच मजकूर लिहावा.

तिसरं कारण अधिकारक्षेत्र. अमली पदार्थांचा कायदा वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, हातात आहे. स्कॉटलंडच्या संसदेची स्वतःची याचिका-व्यवस्था चांगली आहे, पण हा कायदा बदलण्याचा अधिकार तिला नाही. लंडनच्या महापौरांचंही तेच. लॉर्ड फॉल्कनर यांच्या अध्यक्षतेखालच्या लंडन ड्रग्ज कमिशनने मे २०२५ मध्ये अल्प प्रमाणात नैसर्गिक गांजा बाळगणं गुन्ह्याच्या कक्षेतून काढण्याची शिफारस केली आणि महापौर सादिक खान यांनी तिला पाठिंबा दिला. गृह खात्याने वर्गीकरण बदलण्याचा विचार नसल्याचं सांगितलं आणि विषय तिथेच थांबला. महापौरांवर जोर लावून पाठिंबा मिळतो, कायदा बदलत नाही.

सही कोण करू शकतं याबाबत मराठी मंडळींमध्ये बराच गैरसमज आहे. ब्रिटिश नागरिक कुठेही राहत असला तरी सही करू शकतो, आणि ब्रिटनमध्ये राहणारी व्यक्ती कुठल्याही देशाची नागरिक असली तरी सही करू शकते. म्हणजे कामाच्या व्हिसावर आलेल्या भारतीयालाही हा हक्क आहे. इतकंच काय, राष्ट्रकुल देशांचे नागरिक म्हणून तिथे रीतसर राहणाऱ्या भारतीयांना मतदार यादीत नाव नोंदवून संसदेच्या निवडणुकीत मतही देता येतं, त्यामुळे खासदार त्यांचं म्हणणं सहज टाळू शकत नाही. सही करताना नाव, ईमेल आणि पोस्टकोड द्यावा लागतो. मग आलेल्या मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारली तरच सही मोजली जाते. हा शेवटचा टप्पा राहून गेल्याने किती तरी सह्या वाया जातात. सभेत किंवा व्हॉट्सॲप गटात आवाहन करताना ‘सही करा’ एवढंच सांगू नका, ‘मेल उघडून दुवा दाबा’ हेही सांगा. याचिका करणाऱ्याचं नाव पानावर दिसतं, सह्या करणाऱ्यांची नावं दिसत नाहीत.

पोस्टकोड बरोबर टाकणं का महत्त्वाचं, ते सेवेच्या सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित भागाशी जोडलेलं आहे. प्रत्येक याचिकेच्या सह्यांची मतदारसंघनिहाय आकडेवारी सगळ्यांना खुली असते. ती उतरवून घेता येते आणि नकाशावरही पाहता येते. इथे थोडं गणित करावंच लागेल. मतदारसंघ ६५०. १ लाख सह्या म्हणजे एका मतदारसंघात सरासरी दीडशेच्या आसपास. २०१५ च्या त्या मोठ्या याचिकेचीही सरासरी ३६० च्या घरात येते. आज बहुतेक मतदारसंघांत ७० ते ७७ हजार मतदार आहेत. त्यांत दीडशे म्हणजे पाव टक्काही नाही. देशभराचा आकडा कितीही मोठा दिसला तरी एका खासदाराच्या दृष्टीने तो किरकोळ राहतो. म्हणून सह्या देशभर विखुरण्यापेक्षा निवडक मतदारसंघांत एकवटलेल्या जास्त कामाच्या. मंत्र्याचा मतदारसंघ, काठावर निवडून आलेल्याचा मतदारसंघ, याचिका समितीतल्या सदस्याचा मतदारसंघ. एकाच ठिकाणच्या दोन हजार सह्यांकडे तिथल्या खासदाराला बघावंच लागतं.

उत्तर आल्यावर बहुतेक जण ते वाचून चिडतात आणि सोडून देतात. ते प्रश्न समोर ठेवून वाचा. मागितलेल्या कृतीबद्दल एक तरी वाक्य आहे का? आढावा मागितला असताना उत्तरात फक्त गांजाच्या दुष्परिणामांची यादी असेल तर ते उत्तर नव्हे. अशा वेळी याचिका समितीला कळवा. मागणीला थेट भिडत नसलेलं उत्तर समिती सरकारकडे परत पाठवू शकते आणि सुधारित उत्तर मागवू शकते. समितीने हा अधिकार अनेकदा वापरला आहे. तक्रार लिहिताना रागाचा पाढा नको. याचिकेतलं मागणीचं वाक्य, त्याखाली उत्तरातला संबंधित भाग आणि ‘या मुद्द्याला उत्तर नाही’ एवढं पुरे. उत्तराला उशीर होत असेल तर किती दिवस झाले ते याचिकेच्या पानावरच दिसतं आणि खासदाराला दाखवायला ते चांगलं हत्यार ठरतं.

चर्चेकडून फार अपेक्षा ठेवू नये. ती साधारणपणे सोमवारी दुपारी साडेचारला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये होते. समितीतला एक खासदार ती मांडतो आणि त्याचा मागणीला पाठिंबा असेलच असं नाही. शेवटी मंत्री उत्तर देतो. सभागृहाने या याचिकेचा विचार केला, असा तटस्थ ठराव असतो आणि त्याने सरकार कशालाच बांधलं जात नाही. चर्चेचं खरं मोल तिच्या नोंदीत आहे. कुठला खासदार काय बोलला ते हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत इतिवृत्तात, शब्दशः छापलं जातं आणि चित्रफीतही राहते. पुढच्या निवडणुकीत समोरच्याला त्याचंच वाक्य वाचून दाखवता येतं. १ लाख सह्या झाल्या तरी चर्चा मिळेलच अशी हमी नाही. त्या विषयावर नुकतीच चर्चा झाली असेल तर समिती नकार देऊ शकते.

अमेरिकेतल्या अशाच सेवेशी तुलना केली की ब्रिटिश सेवेचं बळ कळतं. व्हाइट हाउसने सप्टेंबर २०११ मध्ये ‘वी द पीपल’ नावाने याचिका घेणं सुरू केलं, आणि गांजाला दारूसारखंच नियमन लावून कायदेशीर करा, ही मागणी सुरुवातीच्याच याचिकांत पुढे आली. उत्तर दिलं राष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण धोरण कार्यालयाचे संचालक गिल कर्लिकोव्स्की यांनी. आता, या कार्यालयाच्या १९९८ च्या कायद्यानुसार, गांजा तेव्हा ज्या सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत होता तिच्यातला पदार्थ कायदेशीर करण्याच्या प्रयत्नांना विरोध करणं हे संचालकाचं कर्तव्यच होतं. ज्याला कायद्यानेच ‘हो’ म्हणता येत नाही त्याच्याकडे प्रश्न गेला. सह्यांचा उंबरठाही ५,००० वरून २५,००० आणि मग १ लाखावर नेला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये सेवाच बंद पडली. ब्रिटनमध्ये याचिका निदान संसदेच्या समितीच्या ताब्यात असते, उत्तर देणाऱ्या सरकारच्या मर्जीवर नसते. हा फरक फार मोठा आहे.

ही सेवा एकटी वापरू नये, हे मात्र ठासून सांगावंसं वाटतं. तिच्या जोडीला खासदाराला पत्र पाठवण्याचं ‘राइट टू देम’ हे संकेतस्थळ वापरा. पोस्टकोड टाकला की तुमचा खासदार कोण ते कळतं आणि तिथूनच पत्र जातं. पत्रात पूर्ण पत्ता हवाच, कारण खासदार फक्त आपल्या मतदारसंघातल्या लोकांना उत्तर देण्याचा रिवाज पाळतात. एकच मजकूर शेकडो जणांनी चिकटवला तर हे संकेतस्थळ तो अडवतं आणि ते योग्यच आहे. पत्रात आपल्या मतदारसंघातल्या सह्यांचा आकडा द्या, एकच प्रश्न विचारा आणि खासदाराला एकच काम सांगा: हा प्रश्न गृहमंत्र्यांना लेखी विचारा. खासदाराने विचारलेल्या लेखी प्रश्नाला मंत्र्याला त्याच्या नावाने उत्तर द्यावं लागतं आणि ते कायम नोंदीत राहतं. ‘मी अर्ली डे मोशनवर (खासदारांनी सह्या करून नोंदवायच्या प्रस्तावावर) सही करतो’ असं खासदार म्हणाला तर आभार माना, पण त्यावर थांबू नका. अशा प्रस्तावांवर चर्चा जवळजवळ कधीच होत नाही आणि मंत्री त्यांवर सही करत नाहीत. स्वतः गांजा ओढत असल्याचा उल्लेख पत्रात अजिबात करू नका. तो गुन्ह्याचा लेखी कबुलीजबाब ठरतो आणि व्हिसावर असलेल्याला तर फारच महागात पडू शकतो.

तिसरं साधन म्हणजे माहिती अधिकार. ब्रिटनमधला हा कायदा २००० सालचा आहे आणि उत्तराची मुदत कामकाजाचे २० दिवस. इथे ‘का’ असा प्रश्न चालत नाही, कारण खात्याकडे नोंदलेली माहितीच मागता येते. म्हणून ‘गांजा ‘ब’ वर्गात का ठेवला’ असं विचारू नका. ‘गेल्या दोन वर्षांत गांजाच्या वर्गीकरणाबाबत गृहमंत्री आणि सल्लागार परिषद यांच्यात झालेला पत्रव्यवहार द्या’ असं मागा. काळ मर्यादित ठेवा. माहिती शोधायला ६०० पौंडांहून अधिक खर्च येणार असेल तर केंद्रीय खातं नकार देऊ शकतं. धोरण अजून आखलं जात आहे म्हणून कलम ३५ खाली माहिती रोखली तर अंतर्गत फेरविचार मागा. एकीकडे असा काही विचारच नाही असं याचिकेच्या उत्तरात लिहायचं आणि दुसरीकडे धोरण आखणं चालू आहे म्हणून कागद द्यायचे नाहीत, ही विसंगती दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून दाखवता येते.

शेवटचा मुद्दा वेळेचा. संसद विसर्जित झाली की चालू असलेल्या सगळ्या याचिका बंद होतात, मुदत कितीही उरलेली असो. २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये तसंच झालं. निवडणूक दिसू लागली असेल तर नवी याचिका टाकू नका. तोवर मजकूर पक्का करा, पाच समर्थक ठरवा, आणि नवी समिती नेमली जाऊन कामाला लागली की पहिल्याच आठवड्यात अर्ज भरा.